दोरीला जो क्रम, तोच वायरीला

माणसाच्या डोक्यावर छप्पर, पोटात भाकर आणि मोबाईलात चार्जिंग असलं, की शासनाकडे त्याची कसलीही मागणी उरत नाही. हे सत्य कुणा थोर पुरुषानं सांगितलेलं नाही. आमच्या गावानं ते स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलेलं आहे. गाव चिटगुप्प्याहून आत, तुरीच्या रानांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आहे. (रस्ता आहे हे आमचं मत. बसच्या ड्रायव्हरचं मत वेगळं आहे.)

झालं असं, की गावाची डीपी जळाली आणि घराघरातली वीज गेली. पहिल्या आठवड्यात गाव भडकलं. दुसऱ्या आठवड्यात अर्ज दिला. अर्जावर 'बघू' असं तोंडी उत्तर मिळालं आणि गावाला धीर आला. अंधाराचं कुणाला फारसं वाटत नव्हतं, अंधारात जेवायची आम्हाला जुनी सवय आहे. पण मोबाईल बंद पडायला लागले, नवरे बायकांशी आणि बायका नवऱ्यांशी बोलायला लागल्या, तेव्हा मात्र शांतताभंगाची भीती निर्माण झाली. सोलर होतं ते फक्त समुदाय भवनावर, आणि तिथं पॉइंट एकच.

अशा कठीण काळात रत्नपाल धावून आला. रत्नपाल हैदराबादला नोकरीला असतो, त्याची म्हातारी आई पार्वतीबाई गावात राहते. पार्वतीबाईंना ऐकू येत नाही. लेकानं कानातलं मशीन घेऊन दिलेलं होतं. ते एका डबीत ठेवायचं आणि डबी चार्जिंगला लावायची. डीपी जळाली आणि म्हातारीचे कानही बंद झाले. म्हणून रत्नपालनं सहा भोकांचं एक चार्जिंग स्टेशन आणलं, एका पॉइंटवर सहा वायरी चालतील असं. आता ही वस्तू त्यानं एकट्या आईसाठी भवनात लावून घेतली असती तर विषय तिथंच संपला असता. पण पार्वतीबाई म्हणाल्या, "माझ्या एकटीपुरतं कामून? समद्याला होऊ दे की रे बाबा." (ही चूक आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.)

वस्तू फुकट आली की तिच्यावर समिती बसते. 'चार्जिंग व्यवस्थापन समिती' त्याच दुपारी बसली. कार्यदर्शी (तुमच्याकडे सचिव म्हणतात) म्हणून माझी, म्हणजे मल्लिकार्जुन मास्तराची, एकमतानं निवड झाली, कारण भवनाची किल्ली माझ्याकडे होती. आमची सभा मराठीत सुरू होते, भांडण कानडीत होतं आणि समेट दखनीत होतो. ही सभा समेटापर्यंत पोचायला दिवे लागायची वेळ झाली. दिवे अर्थात लागले नाहीत.

प्रश्न एकच होता, पहिलं भोक कुणाचं? काही अडाणी लोक म्हणाले, जो आधी येईल त्याचं. पण गुरुबसव अप्पा मालीपाटलांनी खाकरून घसा मोकळा केला आणि सगळे गप्प झाले. अप्पा म्हणाले, "जत्रेत रथाच्या दोरीला पयला हात कुणाचा?"

"तुमचाच की अप्पा."

"मग? दोरीला जो क्रम, तोच वायरीला. ह्यात भांडायचं काय हाय?"

खरंच, काही नव्हतं. दोरीही लांब असते, वायरही लांब असते. इतकं सोपं उत्तर आम्हाला दुपारभर सुचलं नाही याची लाज वाटली.

तर पहिलं भोक अप्पांचं. दुसरं तुळजारामचं. त्याच्या घराण्याकडे पूर्वी मेंढरं होती, आता ट्रॅक्टर आहे, आणि त्याचा बटनाचा मोबाईल एकदा चार्ज केला की आठवडाभर उतरत नाही. तरीही मान तो मान, म्हणून त्यात ट्रॅक्टरवरचा गाण्याचा डबा लागतो. तिसरं महेशकुमारचं. दोरीला त्याचे वडील हात लावायचे, ते आता झोपूनच असतात, तेव्हा हा त्यांच्या वतीनं दोन मोबाईल, एक पॉवर बँक आणि दाढीचं मशीन लावतो. चौथं भजनी मंडळाच्या माईकचं. पाचवं सरकारी. एखादा अधिकारी अचानक गावात आला आणि त्याची बॅटरी उतरलेली असली तर गावाची इज्जत जायला नको म्हणून ते कायम रिकामं ठेवायचं ठरलं. (अधिकारी अजून आलेला नाही. भोक मात्र पहिल्या दिवशी होतं तितकंच नवं आहे.) उरलेलं सहावं सर्वसामान्य जनतेला, मोबाईल शेजारच्या टोपलीत टाकायचा आणि पाळी बघायची. ते थोडं ढिलं होतं, पिन बसायची नाही. पण बसचं तिकीट चौघडी करून खाली दाबलं की चालायचं.

पार्वतीबाईंच्या घराचा क्रम कोणता, हाही मुद्दा निघाला. त्यांच्या घरच्यांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हापासून रथाच्या दोरीशी संबंध सोडला. (त्याआधी त्यांना हात लावू देत नव्हते. त्यामुळे दोन्ही बाजूंची सोय झाली होती.) दोरीला हात नाही म्हणजे क्रम नाही, क्रम नाही म्हणजे सहावं. आमच्या गावात भेदभाव मुळीच नाही हो. फक्त क्रम आहे.

व्यवस्था इतकी सुंदर चालली की शेजारची गावं बघायला येऊ लागली. अप्पा मोबाईल खिशात घालून कुठंही गेले तरी त्यांची वायर पहिल्या भोकात लोंबत राहायची, कारण वायर काढली तर मान उतरतो. येणारे-जाणारे त्या वायरीला नमस्कार करायचे. मीही एकदा केला. मग सवय लागली.

एवढ्यात पार्वतीबाईंच्या घरी बारसं निघालं. रत्नपालची लेक पंचशीला गुलबर्ग्याला बाळंत झाली, मुलगी झाली (वजन पावणेतीन किलो, रंग आजोबाचा, नाव उत्पला, रडणं तीन घरं सोडून ऐकू जाईल असं), आणि मुलीला घेऊन ती आजीकडे आली. बाळाची आत्या मंगल, बसवकल्याणची. नाव तिनं ठरवलेलं होतं आणि बारशाआधी कुणाला सांगायचं नाही अशी तिची अट होती. पार्वतीबाईंचा जीव त्या नावात अडकला होता. पणतीचं नाव आपल्या कानानं ऐकायचं, बाकी त्यांना काही नको होतं. त्यासाठी मशीन चार्ज व्हायला हवं होतं.

त्या डबी घेऊन थेट समितीपुढे आल्या. समितीनं डबी हातोहात फिरवली. अप्पांनी विचारलं, "ह्याचा नंबर काय?"

नियमच होता तसा. अदलाबदल होऊ नये म्हणून लावलेल्या प्रत्येक यंत्राचा मोबाईल नंबर सांगायचा. महेशकुमार म्हणाला, "मिस कॉल देऊन बघू. वाजलं तर यंत्र, न्हाई वाजलं तर न्हाई." आम्ही सगळे डबीकडे बघत बसलो. ती वाजली नाही.

तुळजाराम जरा उलट्या डोक्याचा माणूस आहे. तो म्हणाला, "माईकला तरी कुठं नंबर हाय?"

"माईक मंडळाचा हाय. मंडळाच्या अध्यक्षाला नंबर हाय."

"मग ही डबी पार्वतीअक्काची हाय. अक्काला बी नंबर हाय की."

"हाय, पर फोन लावला तर अक्का उचलत न्हाईत."

"ऐकू येत न्हाई म्हणून उचलत न्हाईत!"

"कारण कायबी असू दे, संपर्क होत न्हाई."

डबीनं सहाव्या भोकाच्या टोपलीत, इतरांच्या मागं, आपली पाळी बघावी असं ठरलं. निर्णय पार्वतीबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली. त्यामुळे ठराव एकमतानं मंजूर झाला.

बारशाच्या आदल्या दिवशी त्या पुन्हा आल्या. टोपली काठोकाठ भरलेली. माझा हात धरून म्हणाल्या, "मास्तर, उद्या लेकराचं नाव ठेवायलेत. म्या तेवढंच ऐकणार हाय. मग महिनाभर बंद असलं तरी चालतंय. लावा की बाबा कुठंतरी."

माझ्या पोटात तुटलं, ते मी नाकारत नाही. पण पोटात तुटणं ही खाजगी बाब आहे आणि मी त्या वेळी कार्यदर्शी होतो. अप्पा तूर घेऊन गुलबर्ग्याला गेलेले, त्यांची वायर पहिल्या भोकात रिकामीच लोंबत होती. तिला हात लावायची कुणाची छाती? माईक चार दिवस फुल्ल होता, पण तोही हलवता येत नव्हता. तुळजाराम माझ्या कानाशी लागला, "मास्तर, पाचव्यात लावा. कोण बघायलंय?"

"आणि एखादा साहेब आला म्हणजे?"

"डीपी जळाली तवा आला न्हाई, आता कामून येतोय?"

असल्या बोलण्यानंच देश मागं राहतो. मी डबी सहाव्यात लावली, टोपलीतल्या बाकीच्यांच्या आधी लावली. नियमाबाहेर जाऊन मी केलेलं आयुष्यातलं हे एकमेव काम. सकाळी बघतो तर तिकीट घसरून खाली पडलेलं आणि डबीचा दिवा लालच. पार्वतीबाईंनी तरी मशीन कानात घातलं, नवं लुगडं नेसलं आणि पाळण्याला टेकून बसल्या.

गावातले सगळे मोबाईल त्या दिवशी फुल्ल होते. समितीच्या कामाची याहून मोठी पावती नाही. त्रिशरण-पंचशील झालं, बाया पाळणा हलवायला लागल्या, मंगल बाळाच्या कानाशी वाकली आणि मांडवातला प्रत्येक हात वर गेला, प्रत्येक हातात मोबाईल. आहाहा, काय दृश्य होतं! मंगलनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग उभं राहून सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या. (भजनी मंडळाचा माईक आणला नव्हता. वापरला तर चार्जिंग उतरलं असतं.)

टाळ्या थांबल्यावर पार्वतीबाईंनी, रात्रीच गुलबर्ग्याहून परतलेल्या अप्पांना विचारलं, "काय ठेवलात नाव?"

अप्पा हसले आणि लई चांगलं आहे अशी हातानं खूण केली. म्हातारी तशीच बघत राहिली. अप्पांनी महेशकुमारकडे बघितलं. महेशकुमार म्हणाला, "थांबा, माझ्या व्हिडिओत हाय." त्यानं व्हिडिओ लावला. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'सरक की मोरं' एवढंच ऐकू येत होतं, आणि तो आवाज महेशकुमारचाच होता. दुसऱ्याच्या व्हिडिओत 'डोकं खाली घ्या' होतं. तिसऱ्याच्यात माझी पाठ होती. तोवर निम्म्या गावानं ते स्टेटसला लावलेलं, खाली लोकांनी 'छान नाव', 'सुंदर नाव' असं लिहिलेलं. सुंदर म्हणणारे पुष्कळ निघाले. नाव सांगणारा मात्र एकही निघेना. मला विचाराल तर मीही काढतच होतो.

पार्वतीबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि पदराच्या गाठीला बांधलं. ते बघितलं पंचशीलानं. ती उठली, बाळ आजीच्या मांडीवर ठेवलं, आजीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ हळूहळू हलवून नाव सांगितलं. आजीनं चुकीचं म्हटलं. पंचशीलानं पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा म्हातारीनं नाव अगदी नीट म्हटलं आणि मग बाळाकडे वाकून तेच म्हणत राहिली. मी नाव ऐकलं ते तिथं, तिच्या तोंडून.

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाईल पुन्हा वर झाले. महेशकुमार ओरडला, "आजी, परत एकदा म्हणा, चालू न्हवतं!" आणि हातानं खुणाही केल्या.

पार्वतीबाईंना खुणा बरोबर समजल्या. "आता न्हाई म्हणत," त्या म्हणाल्या. "म्या म्हणलं तवा कुठं होतास?"

त्यानंतरच्या सभेत समितीनं पार्वतीबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. अप्पांनी त्यांच्या दानशूरपणावर तासभर भाषण केलं. त्यातला एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नाही, पण त्यांनी मान डोलावली. पाचवं भोक अजून नवं आहे. डीपी तशीच आहे, अर्जाची आठवण कुणाला नाही.

तुम्ही एव्हाना आम्हाला भरपूर हसला असाल. हसा, हसा. त्या पोरीचं नाव मी वर एकदा सांगितलेलं आहे, स्वच्छ अक्षरात. काय होतं? आठवलं असेल तर पार्वतीबाईंच्या शेजारी येऊन बसा, जागा आहे. नसेल आठवलं तर तुमचं भोक सहावं, आमच्याबरोबर. आणि वर बघायला जाऊ नका, म्हातारीला ती सोय नव्हती. आम्ही निदान व्हिडिओ तरी काढायलो होतो. तुम्ही तर नुसते वाचत होता.