सेतूराव घोडा बघायला जातात

सेतूरावांच्या मते जगातल्या झाडून सगळ्या शर्यतीच्या घोड्यांची गोत्रं तीन. तीन मूळपुरुष, त्यांच्यापासून ही सगळी प्रजा. त्यातही बहुतेक सगळे एकाच गोत्रातले. त्यामुळे बंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या भिंतीपलीकडून सकाळी आरोळी आली, "शिव शिव! हेही लग्न सगोत्र!" की आम्ही समजायचं, शेजारच्या सेतूरावांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, हाती नवं रेसबुक पडलं.

सर्व्हे ऑफिसात जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेला हा माणूस. पैज कधी लावली नाही. रेसकोर्सच्या फाटकाशी जायचं, पुस्तक विकत घ्यायचं आणि पहिली शर्यत सुटायच्या आत घरी परतायचं. मग ट्रेसिंग पेपर पसरून घोड्यांच्या वंशावळी काढत बसायचं. घरात एकटेच, त्यामुळे जेवायच्या पाटावरही घोड्यांच्या आज्या-पणज्या. खऱ्या घोड्यापासून मात्र ते चार हात लांब. "चावतात रे," म्हणायचे.

माणसांनाही तोच न्याय. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा ते उंबऱ्यात थांबवून विचारत, "बापाचं नाव सगळेच सांगतात. आईकडचे कोण, ते सांगा!" माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून अण्णांना बरोबर नेलं. पोहे झाले, गाणं झालं. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "मुलीच्या आजीचे गुडघे कसे आहेत?" लग्न जमलं, पण त्या आजीनं अण्णांना अजून माफ केलेलं नाही.

पण नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी मला अण्णांचीच गरज पडली. माझी मुलगी वीणा, वय सतरा, तिला इव्हेंटिंगचं वेड लागलं होतं. तीन दिवसांची ही स्पर्धा. पहिल्या दिवशी घोड्यानं शिस्तीत चालून दाखवायचं, दुसऱ्या दिवशी रानातून ओंडके आणि खंदक ओलांडत पळायचं, तिसऱ्या दिवशी मैदानात दांड्यांवरून उड्या. भाड्याच्या घोड्यानं वीणाला एका खंदकाशी पाडलं आणि तिचं खांद्याचं हाड मोडलं. बायकोनं निकाल दिला, "आणखी एकदा पडली की घोडा बंद." वीणा रडली नाही, जेवायचीच थांबली. शेवटी मी कबूल झालो. शर्यतीतून निवृत्त झालेला एक घोडा घेऊ, पण एकच, आणि भरवशाचा. आता भरवसा कुणाचा? मला घोड्याचं पुढचं आणि मागचं टोक कळतं, एवढंच.

देवनहळ्ळीला तेव्हा विमानतळ नव्हता, द्राक्षांचे मळे होते. तिथल्या एका तबेल्यात दोन घोडे विकाऊ होते. अण्णांनी तीन आठवडे अभ्यास केला आणि कागदाची गुंडाळी काखोटीला मारून आमच्याबरोबर बसमध्ये चढले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर काळी टोपी. मुलगी बघायला जाताना असत, तसेच.

पहिला घोडा 'तोफखाना'. अंगावर नुसती चकाकी. अण्णांनी कागद उलगडला. "आईची आई बघ, तिची आई बघ. सगळ्या लांब पल्ल्याच्या. एकीचाही पाय दुखावलेला नाही. सरी, ठरलं, हाच घे!" एवढ्यात कुणाच्या तरी हातून पत्र्याची बादली पडली. तोफखाना दोन पायांवर उभा राहिला आणि अण्णा माझ्या पाठीमागे. "रक्त उत्तम आहे," पाठीमागून आवाज आला. "स्वल्प गरम आहे, इतकंच."

दुसरा घोडा 'बाय-टू'. आपल्या हॉटेलात एक कॉफी दोघांत मागतात ना, तेच नाव. शर्यतीत कायम शेवटून दुसरा. बादली पडली तेव्हा त्यानं एक कान फिरवला आणि पुन्हा गवताला लागला. वीणा त्याच्या मानेवरून हात फिरवत होती. अण्णांनी मान हलवली. "नको. आई एकदाही पळाली नाही. आजी आडमुठी."

"आई कुठली, सार," घोड्यांचं सगळं बघणारा म्हातारा मुनियप्पा म्हणाला. "हा दोन दिवसांचा होता, तेव्हाच गेली. त्या पोनीनं पाजलं याला." कोपऱ्यात एक पांढुरकी, पोट सुटलेली म्हातारी पोनी उभी होती. एके काळी ती बागेत पोरांना फिरवायची. फटाके वाजोत, बँड वाजो, तिनं कधी कुणाला पाडलं नाही आणि हे पिल्लू तिच्याच मागे मागे वाढलं.

"मग हे पुस्तकात का नाही?" अण्णांचा आवाज चढला.

"पोनीला कोण लिहितं, सार?"

अण्णांनी कागदाची गुंडाळी केली. मग चपला काढून सरळ त्या पोनीपाशी गेले आणि वाकून त्यांनी तिला नमस्कार केला. मुनियप्पा हसला. मीही हसलो.

परत येऊन ते म्हणाले, "वीणा, बाय-टूच घे."

"आणि रक्ताचं काय, अण्णा?" मी विचारलं.

"रक्त पळवतं रे. घाबरायचं नाही, हे कुणीतरी जवळ घेऊन शिकवावं लागतं."

बाय-टू पुढं सहा वर्षं आमच्याकडे होता. पहिला नंबर त्यानं एकदाही आणला नाही, पण वीणाला कधी पाडलंही नाही. खंदक आला की माझी बायको डोळे मिटून घ्यायची, ते तिनं दुसऱ्या वर्षी सोडलं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये वीणा आनंदानं दमून झोपली. अण्णा माझ्याकडे वळले.

"शामू, मी अकरा दिवसांचा होतो, तेव्हा आई गेली. मागच्या गल्लीतल्या गवंड्याची बायको, केंपम्मा, तिनं मला पाजलं. एकीकडे तिची मुलगी, एकीकडे मी. दोन वर्षं." मग म्हणाले, "मुंजीत मातृभोजनाला काकू बसली. केंपम्मा नवं लुगडं नेसून अंगणाबाहेर उभी होती. मला पानावरून दिसत होती रे. जेवण झाल्यावर सांगितलं, सगळ्यांच्या पाया पड. पडलो. भटजींच्या, आचाऱ्याच्यासुद्धा."

मघाशी आपण हसलो, याची मला लाज वाटली. "आणि तिच्या?" मी विचारलं.

"स्वल्प वाट बघितली तिनं," अण्णा म्हणाले. "मग निघून गेली."