उंबऱ्याबाहेरची पिसं

आमच्या नळदुर्गात अंडंसुद्धा न खाणारा एकच मासे धरणारा आहे, आणि तो नेमका माझा शेजारी आहे. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, डोक्याला माकडटोपी आणि खांद्यावर लवलवणारी लांब छडी अशा थाटात बसलिंगप्पा थंडीच्या दिवसांत उजाडता उजाडता धरणाकडे निघतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा मासा धरतात, पाण्यातच त्याला दोन्ही हातांत जरा वेळ आधार देतात आणि सोडून देतात. जाळं टाकणारा एक भोई त्यांना एकदा वैतागून म्हणाला, "अण्णा, सोडायचा हुता तर धरला कशाला?"

अण्णा म्हणाले, "भेट झाली. बास."

हा नाद त्यांना फौजेत लागला. ते ड्रायव्हर होते. हिमाचलात पोस्टिंग असताना ते एका साहेबाला गाडीतून नदीवर न्यायचे. साहेब बर्फगार पाण्यात उभा राहून ट्राउट मासा धरायचा, आणि तोही खऱ्या किड्यावर नाही, तर गळाला पिसं बांधून केलेल्या खोट्या माशीवर. एक दिवस साहेबाने छडी अण्णांच्या हातात दिली आणि आमचा फौजी कामातून गेला. अण्णा रिटायर झाले तेव्हा साहेबाने आपली जुनी छडीच त्यांना देऊन टाकली.

आता आपल्या धरणात ट्राउट कुठून असणार? चिलापी आहे, रोहू आहे. अण्णांना त्याचं काही नाही. त्यांची तक्रार असते ती पाण्याबद्दल. "हे काय पाणी हाय व्हय सर? वरण हाय वरण! पौषात तेवढं जरा पाण्यावानी हुतंय." म्हणून त्यांचा सगळा कारभार थंडीतला. छडीची दोरी डोक्यावरून मागेपुढे अशी काही फिरवतात, की नवख्या माणसाला वाटावं, म्हातारा गोफणीने पाखरं हाकलतोय. गळाला लावलेली माशी मात्र डासाएवढी. तिच्यामागे एक शास्त्र आहे. "थंडीत माशाला भूक नसती. मोठं काय म्होरं टाकलं की बिथरतंय. बारीक द्यावं, हळू द्यावं."

या डासाएवढ्या माशीला कोंबड्याच्या मानेवरची पिसं लागतात. इथं माझा संबंध येतो. अण्णा लिंगायत. चिकनच्या दुकानासमोरून जातानासुद्धा ते रस्त्याची पलीकडची बाजू धरतात. आम्ही बौद्ध, आणि रविवारी आमच्याकडे कोंबडी असतेच. त्यामुळे आमची सकाळची वंदना आटोपेस्तोवर अण्णा दारात हजर. "कोंबडी तुमी खावा, पिसं मला द्या!" बरं, कुठलंही पीस चालत नाही. बॉयलर कोंबडीचं पीस बघून त्यांनी "ह्यो ओला कागद हाय" म्हणून परत केलं होतं. मग त्यांच्या नादापायी आमच्याकडे गावरान कोंबडा शिजायला लागला. माझी बायको सुनंदा म्हणते, आपल्या घरात काय शिजवायचं हे एक शाकाहारी माणूस ठरवतो.

आत मात्र ते कधी आले नाहीत. "या की अण्णा, चहा घ्या," म्हटलं की "नको सर, पाय मळल्यात," ठरलेलं. धुतलेले पाय दिसत असायचे. मी काय समजायचं ते समजून घेतलं होतं. वाईट वाटायचं, पण बोललो नाही.

अण्णांच्या बायकोचं, नीलव्वाचं, सारं बोलणं कानडीत. तिचा नवऱ्याच्या नादाला एकच विरोध होता. पिसं उंबऱ्याच्या आत यायची नाहीत. अण्णा पुडी घेऊन दाराशी आले की आतून आवाज यायचा, "ओळगं ब्याडरी!" म्हणजे, आत नको हो. अण्णा आज्ञाधारक जवानासारखे बाहेरच्या पायरीवर बसायचे. घड्याळवाल्याकडून आणलेल्या छोट्या शिकंज्यात गळ धरायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि पीस गुंडाळत बसायचे. आतून ती बोलत राहायची, बाहेरून हे हुंकार देत राहायचे. गेल्या पावसाळ्यात नीलव्वा गेली.

त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. पायरीवर कोंबड्याची पिसं दिसतात, म्हणजे बायको गेल्यावर म्हातारा सुटला! समाजातली दोन-तीन वडीलधारी मंडळी चौकशीला आली. अण्णांनी वाद घातला नाही. त्यांच्यातल्या थोरल्याला सगळे मामा म्हणतात; नुकतीच बांधलेली माशी अण्णांनी दाखवायला म्हणून त्या मामांच्या मनगटावर ठेवली आणि भिंग आणायला वळले. मामांनी डास समजून फाडकन थाप मारली. गळ तळहातात! मामांनी अशी बोंब ठोकली की रस्त्यावरचे ट्रकवाले थांबले.

"वढा मामा, बिनधास्त वढा," अण्णा शांतपणे म्हणाले. "आकडीचा उलटा काटा म्या आधीच दाबून टाकलाय. माशाला तरास नको म्हनून."

मामांचा हात सुटला आणि चौकशीही तिथंच सुटली.

या हिवाळ्यात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. अण्णांची छाती भरली. डॉक्टरांनी वाऱ्यात बसायला बंदी केली. धरणावर ऊन चढल्यावर जा, पण संध्याकाळी गार पायरीवर अजिबात बसू नका, म्हणाले. पुण्याहून मुलगा आला. आत पलंगाजवळ टेबल मांडलं, दिवा लावून दिला आणि जाताना मला म्हणाला, "काका, लक्ष ठेवा. परत आजारी पडले तर मी घराला कुलूप लावून त्यांना घेऊन जाणार." पुण्यात चौथ्या मजल्यावर अण्णा काय करणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

चार दिवस गेले नाहीत तोच दिवेलागणीला मी पाहिलं, तर अण्णा पायरीवरच. टेबलावरचा दिवा वायर ताणून उंबऱ्यात आणलेला, अंगाभोवती घोंगडं, आणि खोकत खोकत पीस गुंडाळणं चालू. मला रागच आला.

"अण्णा, पुण्याला जायचंय का तुम्हाला? आत बसा की. आता नको म्हणणारं कोण आहे?"

बोललो आणि जीभ चावली. अण्णांनी भिंग खाली ठेवलं.

"तेच तर हाय सर," ते म्हणाले. "सगळी फौजेची नोकरी म्या हिच्याकडं रजेवर आलो. पावण्यावानी. घरात मला कुनी काय सांगायचंच न्हाय. ह्यो एक हुकूम तिनं मला दिला. त्यो बी मोडला, तर घर निस्तं रिकामं हाय की हो. हितं बसलं की वाटतंय, आत हाय ती."

मी त्यांच्या खांद्यावरून घसरलेलं घोंगडं नीट केलं.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. म्हटलं, आपल्याकडेच राहायला बोलावू, जेवायचं आपल्याकडेच, मी आत्ताच जाऊन सांगतो. तिने मला हाताला धरून खाली बसवलं. "थंडीचे दिवस आहेत. मोठं काही टाकू नका पुढं." मग ती स्वतः आमच्या दारात उभी राहिली आणि नुसतं एवढंच म्हणाली, "अण्णा, आमच्या ट्यूबखाली उजेड बरा आहे. आमच्या घरात पिसं चालतात."

अण्णांनी उंबऱ्यातला दिवा मालवला. मग शिकंजा, भिंग, पुडी गोळा करून आले. पाय पुसले आणि आत येऊन खुर्चीत बसले. सुनंदाने अर्धा कप चहा ठेवला. तो निम्मा पिऊन झाल्यावर खाली मान घालूनच म्हणाले, "ताई, मी येत नव्हतो ते दुसऱ्या कशानं न्हाय. हितं तुमी दोघं बोलत बसता. एकदा बसलो की मला उठावं वाटनार न्हाय, आन् तिकडं ती एकटीच बोलत बसंल, म्हनून येत नव्हतो."

इतकी वर्षं मी भलतंच समजत होतो. सुनंदाने कप पुन्हा भरला. या वेळी पूर्ण.

आता ते रोज संध्याकाळी येतात. उठायची वेळ झाली की खरंच चुळबुळ करतात. काल त्यांना पोचवायला मी त्यांच्या दारापर्यंत गेलो. पायरीवर उभं राहून अण्णांनी सदरा झटकला, घोंगडं झटकलं, बाहीला चिकटलेलं एक इवलंसं पीस चिमटीत धरून बाहेर सोडलं. मग अंधाऱ्या घराच्या आत तोंड करून, नीलव्वाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "न्हाय आनलं गं आत."

आणि उंबरा ओलांडला.