निरोगी शेडची ढाल

महादेव घरताला कंपनीकडून ‘सर्वांत निरोगी शेड’ म्हणून ढाल मिळाली आणि त्याच्याइतका कमनशिबी माणूस पनवेलजवळच्या कोन गावात उरला नाही. पण ते सोडा. ढाल मिळालीच नाही असं धरून चालू.

महादेवची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, वास महादेवचा. आजूबाजूच्या शेतांचे टॉवर झाले, भाऊबंद पनवेलला फ्लॅटात गेले, बायको गोदू त्याच्याही आधी गेली, ती फ्लॅटात नाही. मुलगा-सून खांदा कॉलनीत. सून मनिषा वासाला इतकी जपायची, की फोनवरसुद्धा आधी विचारायची, आंघोळ झाली का.

राहता राहिला कंपनीचा डॉक्टर प्रितम. कोंबड्या विहिरीचं पाणी प्यायच्या, त्यांना पातळ व्हायचं, की प्रितम मोटारसायकलवर हजर. मेलेली कोंबडी कापून तो महादेवला तिचं काळीज दाखवायचा. महादेव प्रत्येक काळीज पहिल्यांदाच पाहिल्यासारखं बघायचा आणि चहा टाकायचा. दुसऱ्या चहाला गोदूचा विषय निघायचा. कोंबड्यांची मर जास्त असली तर विषय लग्नापर्यंत मागे जायचा.

प्रितम हुशार निघाला, तिथंच घोटाळा झाला. त्यानं पाणी तपासलं, दोष विहिरीत काढला आणि टाकीवर थेंब-थेंब क्लोरीन सोडणारी बाटली बसवली. आठवड्याभरात कोंबड्या तरतरीत.

“काका, आता मला यायची गरजच नाही,” तो आनंदानं म्हणाला. महादेवनं त्याचं अभिनंदन केलं. दुसरं काय करणार?

काही दिवसांनी महादेवनं फोन लावला.

“डाक्टर, कोंबड्या उदास हायत.”

“खातात का?”

“खातात.”

“पाणी?”

“पितात.”

“मग उदास कशावरून?”

“बोलत नाय कुणाशी.”

प्रितमनं व्हिटॅमिन सांगितलं. फोनवरच.

मग महादेवनं बाटलीची तोटी बंद करायचं ठरवलं. त्यानं हात घातला आणि शेडभर कोंबड्या माना वर करून त्याच्याकडे बघू लागल्या. एवढ्या जणांनी एकदम त्याच्याकडे लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यानं हात काढून घेतला. पण आजाराशिवाय डॉक्टर येत नाही, म्हणजे विहिरीचं कच्चं पाणी कुणीतरी प्यायला हवं होतं. तो प्यायला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

“डाक्टर, पातळ व्हतंय. एकालाच.”

“बाकीचे पक्षी ठीक?”

“एकदम.”

“हा काय करतो?”

“कोपऱ्यात बसून हाय. खात नाय.”

“वजन?”

“पासष्ट किलो.”

प्रितम हळूच म्हणाला, “काका, त्या पक्ष्याला वेगळा काढा.”

“तो वेगळाच हाय, डाक्टर. पयल्यापासून.”

प्रितम आला. सवयीनं त्यानं आधी महादेवची पापणी खाली ओढून पाहिली, मग स्वतःच्या चुलतमामाला, माणसांच्या डॉक्टरला, फोन करून औषध विचारलं. मऊ भात शिजवला. दिवसभर बसला. गोदूचा विषय पहिल्यांदाच शेवटपर्यंत पोचला.

निघताना त्यानं बजावलं, “विहिरीचं बंद. कोंबड्यांच्या टाकीतलं प्यायचं.” महादेव आज्ञाधारक. प्यायला आणि ठणठणीत झाला. व्हायला नको होता, पण पाणीच तसं होतं.

पिल्लांच्या पुढच्या खेपेत एकही पक्षी मेला नाही. मग जी मिळालीच नाही असं आपण धरलं होतं, ती ढाल मिळाली. कुरियरनं. ढालवाल्या शेडला डॉक्टर पाठवत नाहीत, असा कंपनीचा नियम.

महादेवनं ढाल टाकीवर झाकण म्हणून ठेवली आणि गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून टाईप करवून अर्ज धाडला:

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, निरोगी पक्ष्यांचीही पंधरवड्यातून एकदा डॉक्टरांमार्फत विचारपूस व्हावी. तपासणीची आवश्यकता नाही, बसल्यास पुरे. चहा अर्जदाराकडून. कोंबड्या विक्रीस गेल्यावर शेड रिकामी दिसते, तथापि त्या काळातही भेट खंडित करू नये. एक पक्षी कायम शिल्लक असतो. वजन पासष्ट किलो.’