हिरवा माळ पक्षाचा मी उपाध्यक्ष

आमच्या शेजारचे आप्पा स्वतःला ‘मी’ म्हणत नाहीत, ‘पक्ष’ म्हणतात. सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारावं, “आप्पा, चहा घेणार का?” तर उत्तर येतं, “पक्षाला चालंल. साखर कमी.” मध्यंतरी दोन दिवस दिसले नाहीत म्हणून बायकोनं हाक मारली, तर आतून खोकत आवाज आला, “पक्षाला सर्दी झालीय, ताई.” नव्या माणसाला वाटतं, म्हातारा थट्टा करतोय. आप्पांनी उभ्या आयुष्यात थट्टा केलेली नाही. तिथंच तर सगळी गोची आहे.

पक्षाचं नाव हिरवा माळ पक्ष. पर्यावरणाचं राजकारण करणारा मराठवाड्यातला एकमेव पक्ष, असं आप्पा सांगतात आणि ते खोडून काढायला अजून कुणी पुढं आलेलं नाही. पक्षाचा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण तो दर रविवारी ऐकावा लागतो. आप्पांचं गाव शेंद्र्याच्या बाजूला. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडील ज्या माळावर मेंढरं चारायचे तो माळ पुढं कारखान्यांच्या प्लॉटांत गेला, मेंढरं विकली गेली. आप्पा आधीच वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर लागले होते. रिटायर झाल्यावर एकदा गावाकडं गेले, तर माळावरची शेवटची बाभूळ नव्या रस्त्याच्या मधोमध आली होती आणि तिच्या बुंध्यावर तोडणीचा पांढरा आकडा पडला होता. आप्पांनी तिच्याखाली बसून पक्ष काढला. “बाभळ गेली, पक्ष ऱ्हायला,” असं म्हणून ते इतिहास संपवतात आणि धोरणं सुरू करतात.

या धोरणांनी माझा जीव घेतलाय. पक्षाचा पाण्याच्या मोटारीला विरोध आहे. आमच्या बजाजनगरात नळाला रोज पाणी येत नाही आणि येतं त्या दिवशी सगळी गल्ली मोटारी लावून ते खेचते. आप्पा लावत नाहीत. मग त्यांच्या नळाला थेंब थेंब आणि आप्पा बादली घेऊन माझ्या दारात. “आप्पा, हेही मोटारीनं खेचलेलंच पाणी आहे,” मी एकदा चिडून म्हणालो. “खेचलं तुम्ही. पक्षानं नाय खेचलं,” म्हणत त्यांनी दुसरी बादली भरली.

ओल्या कचऱ्याचं धोरण म्हणजे गल्लीत एक शेळी. प्रायोगिक तत्त्वावर ती आणली आणि बांधली माझ्या दाराशी, कारण सावली माझ्याकडं. तिनं गल्लीतल्या भाजीच्या देठाला तोंड लावलं नाही. माझा कंपनीचा युनिफॉर्म दोरीवर वाळत होता, त्याची बाही मात्र पार खांद्यापर्यंत खाल्ली. आप्पांनी उरलेला शर्ट चाचपून पाहिला आणि म्हणाले, “सुती हाय म्हणून खाल्ला. टेरिकॉट आसता तर शिवली नसती. धोरण बरोबर हाय.”

पक्षाची नोंदणी झालेली नाही. अर्जाच्या प्रती फार लागतात आणि पक्ष कागद वाया घालवत नाही. त्याच कारणानं जाहीरनामाही छापलेला नाही. आप्पा तो घरोघर जाऊन तोंडी सांगतात, सगळा. मी उपाध्यक्ष झालो तो यातूनच. सेकंड शिफ्ट करून आलो होतो, जाहीरनामा ऐकता ऐकता डुलकी लागली आणि माझी मान खाली गेली. आप्पांनी तो होकार धरला.

पक्षाचा खरा वैरी म्हणजे फ्लेक्स. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, की लगेच कडुलिंबाला चार खिळे ठोकून फ्लेक्स टांगायचा. तो दिसला की आप्पा खिशातून पक्कड काढतात. उपाध्यक्षानं खाली स्टूल धरायचं आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या पोरांच्या शिव्या खायच्या. आप्पांना शिव्या ऐकू येत नाहीत. ते झाडाशी बोलत असतात, “थांब माय, झालंच, एकच ऱ्हायला.”

याच फ्लेक्सवरून पक्षात फूट पडली. तेव्हा पक्षात तीन माणसं होती: आप्पा, मी आणि सरचिटणीस संतोष, म्हणजे आप्पांचा एकुलता एक मुलगा. आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. संतोषचं नुकतंच लग्न झालेलं आणि त्याच सुमाराला त्याचं ठेकेदाराकडचं काम सुटलं. पोरानं हातपाय हलवले, शहरातल्या छावणी भागात दुकान टाकलं. फ्लेक्स छपाईचं!

आप्पांनी माझ्या ओट्यावर तातडीची बैठक बोलावली आणि मोठे पक्ष करतात तेच केलं. पक्षविरोधी कारवायांबद्दल संतोषला सहा वर्षांसाठी निलंबित केलं.

“आप्पा, पोट भरायचंय मला,” संतोष म्हणाला.

“सहा वर्षांनी या,” आप्पा म्हणाले. ‘ये’ नाही, ‘या’.

त्याच आठवड्यात संतोष बायकोला घेऊन दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. पण बापानं घराबाहेर काढलं असतं तर पोरगा रुसून-फुगून परत तरी आला असता. पक्षानं काढलेला माणूस येणार कसा?

त्याला आता तीन वर्षं होत आली. मधे संतोषला मुलगी झाली. पेढे माझ्याकडं आले. आप्पांच्या वाटणीचा पुडा मी भिंतीवरून पुढं केला तर म्हणाले, “निलंबित कार्यकर्त्याकडनं पक्ष काही घेत नाय.” पुडा मात्र घेतला आणि आत गेले. त्या दिवशी रविवार असूनही इतिहास सांगायला बाहेर आले नाहीत. मी कितीदा म्हटलं, आप्पा, चला, नातीला बघून येऊ, मी येतो बरोबर. एकच उत्तर, “घटनेत तशी तरतूद नाय.” ही घटना कुठं लिहिलेली आहे म्हणाल तर कुठंच नाही. ती आप्पांच्या डोक्यात आहे. म्हातारा एकटा भाकऱ्या थापतो, एकटा जेवतो आणि वर तरतुदी सांगतो. माझं टाळकं सरकायचं.

परवा पक्षाचा वर्धापनदिन होता. रोप लावायला म्हणून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष चौकात गेलो. तिथं एक फलक झळकत होता. आप्पांचा हात सवयीनं पक्कडीकडं गेला, पण काढायला खिळाच नव्हता. झाडाला हात न लावता फलक दोन खांबांना सुतळीनं बांधलेला होता. आणि तो फ्लेक्सही नव्हता. पांढरं मांजरपाट, त्यावर ब्रशनं हातानं काढलेली अक्षरं, ओळीच्या शेवटी जागा पुरली नाही म्हणून बारीक बारीक होत गेलेली. ‘हिरवा माळ पक्षाच्या वर्धापनदिनानिमित्त हार्दिक शुभेच्छा.’ आणि खाली, ‘शुभेच्छुक : एक निलंबित कार्यकर्ता, सहकुटुंब.’

आप्पा बघत राहिले. मला वाटलं, आता विरघळणार. कसले विरघळतात!

“परवानगी हाय का ह्याला?”

“आप्पा!” मी भर चौकात ओरडलो.

“विनापरवाना हाय. उतरवा.”

संतापातच मी कशीबशी सुतळी सोडली. घडी मात्र त्यांनी मला घालू दिली नाही. रस्त्यातच उभं राहून, एकेक टोक जुळवून, स्वतः घातली. मग ती काखेत धरली आणि रिक्षाला हात केला. “छावणी,” ते रिक्षावाल्याला म्हणाले. मी मुकाट्यानं शेजारी बसलो. तोंड उघडलं असतं तर म्हातारा उतरून गेला असता.

संतोष दुकानात मशीनपाशी होता. बापाला बघून उठून उभा राहिला. आप्पांनी पायरीवरूनच भाषणाचा आवाज लावला. “विनापरवाना फलक लावल्याबद्दल पक्षानं हा माल जप्त केलेला हाय. रविवारी सुनावणी. पक्ष कार्यालयात, जेवायच्या टायमाला. सहकुटुंब हजर ऱ्हायचं.”

पक्ष कार्यालय म्हणजे आप्पांचं घर.

संतोष म्हणाला, “घटनेत सुनावणी कुठं हाय, आप्पा?”

“दुरुस्ती झाली.”

“कवा?”

“आत्ता, रिक्षात. उपाध्यक्षांचं अनुमोदन हाय.”

रिक्षात असलं काहीही झालं नव्हतं. “आहे,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी मनापासून दिलेलं हे पहिलंच अनुमोदन.

संतोष मान खाली घालून मशीनवरचा कपडा उगाचच सरळ करत राहिला. आप्पा वळले, एक पायरी उतरले आणि थांबले. भाषणाचा आवाज पार उतरला होता.

“संतोष, पोरगी काय खाती रं? तिखट चालतं का तिला?”

मागच्या खोलीतून सून हात पुसत दारात आली.

“तुम्ही खाता ते समदं खाती, आप्पा,” ती म्हणाली. “आत या, झोपलीय, बघा तरी.”

आप्पांनी पायातल्या चपला पायरीवर काढल्या.