आदरार्थी नवरा

आमच्या शेजारच्या वैजयंतीताई नवऱ्याला शिव्याही आदरार्थी बहुवचनात देत. "एक नंबरचे लबाड आहेत हे," असं म्हणताना 'हे'पाशी त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. घटस्फोटाचा अर्ज कोर्टात, नवरा दूर एनस्खेडेला वेगळा राहायला गेलेला, आणि ताई नेदरलँड्समधल्या कापेल गावातल्या आमच्या गॅलरीत उभ्या राहून मला सांगणार, "नीच आहेत गं. पण चहा सुंदर करतात."

कोविडचे दिवस होते. दोघींमध्ये अंतर हवं म्हणून त्या कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा ठेवत. तो बरोबर दीड मीटरचा आहे, अशी त्यांची खात्री होती. "मुद्द्याचं सांगते," अशी सुरुवात झाली की पुढची वीस मिनिटं इथल्या कणकेच्या पोळ्या का वातड होतात यावर जायची. डबे करून त्यांचं पोट चाले, त्यामुळे तोही मुद्दाच म्हणा.

खरा मुद्दा पुण्याच्या फ्लॅटचा होता. तिथे त्यांच्या सासूबाई एकट्या राहत. "आईसाठी भाड्याने घेतलाय," असं नवऱ्याने वर्षानुवर्षं सांगितलं होतं, आणि कोर्टात दिलेल्या मालमत्तेच्या यादीतही फ्लॅटचा पत्ता नव्हता. पण लॉकडाऊनमध्ये सोसायटीने व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि जुन्या फॉर्मवरचा दुसरा नंबर म्हणून ताईंनाही त्यात घेतलं. एके सकाळी निरोप आला: '३०२ विकत घेण्यासाठी पाहायला येणाऱ्यांनी मास्क लावावा.' खाली नवऱ्याचं उत्तर: 'मालक या नात्याने मी काळजी घेईन.'

"मालक," ताई म्हणाल्या. "बघ, शुद्धलेखनसुद्धा चुकलेलं नाही त्यांचं."

ताईंच्या वकीलबाईंनी इथला कायदा समजावला: संसाराची मालमत्ता जाणूनबुजून लपवली, तर लपवणाऱ्याचा वाटाही दुसऱ्याला जातो. म्हणजे अख्खा फ्लॅट ताईंचा. मी लगेच मनात तो विकून त्यांना इथे घर घेऊनही दिलं.

सुनावणी व्हिडिओवर झाली. लॅपटॉप माझा, म्हणून कॅमेऱ्याबाहेर बसायची परवानगी मला मिळाली होती. दुभाषी बिचारा शब्दाला शब्द ठेवणारा. ताई म्हणाल्या, "त्यांनी फ्लॅट लपवला." त्याने डचमध्येही अनेकवचनच केलं.

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे लोक एकूण किती आहेत?"

"एकच आहेत," ताई म्हणाल्या. दुभाष्याने तेही अनेकवचनात सांगितलं. नवऱ्याचे नसलेले साथीदार शोधण्यात पाच मिनिटं गेली. शेवटी दुभाषी काकुळतीला येऊन मराठीत म्हणाला, "ताई, 'तो' म्हणा ना."

"भांडण कोर्टात आलं म्हणून अरेतुरे करू?" ताई म्हणाल्या. "माझी जीभ माझी आहे. ती वाटणीत नाही."

दुसऱ्या चौकोनात नवऱ्याने मान खाली घातली. ग्रुपवरचा त्याचा निरोप वाचला गेला तेव्हाही ती वर आली नाही.

काही आठवड्यांनी निकालाचं पत्र आलं. फ्लॅट संपूर्ण ताईंचा. मी पेढ्यांऐवजी स्ट्रोपवाफेल, म्हणजे इथली पाकाची बिस्किटं, घेऊन गेले आणि म्हटलं, "आता भाव चांगला येईल, लगेच काढा विकायला."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. "आणि आईंना कुठे ठेवू? हे तर कुठल्याशा वृद्धाश्रमाची चौकशी करत होते."

त्यांनी सासूबाईंना फोन लावला. स्पीकर चालू होता. "आई, मी तुमची घरमालकीण बोलतेय. ऐका. भाडं ठरलंय. रोज सकाळी एक फोन. चुकलात तर नोटीस काढीन."

पलीकडून म्हातारीने भीत भीत विचारलं, "दोन केले तर चालतील का गं?"

ताईंनी स्पीकर बंद केला, फोन कानाशी धरला आणि माझ्याकडे पाठ फिरवली.