कमलचा अंगठा

माझी धाकटी बहीण कमल कुणाला नमस्कार करत नाही. समोरच्याचा हात धरते, त्यावरून अंगठा फिरवते अन् विचारते, "मेलेली चामडी काहून सांभाळून राहिले जी?" मग तो पोस्टमन असो की नगरसेवक. एका लग्नात तिने नवरदेवाच्या मामाची कोपरं तपासली. तो माणूस आता आमच्या सक्करदऱ्यात येतो तेव्हा उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येतो.

मी चौथी शिकलेला. वाडीच्या गोदामात पोती उचलण्यात जन्म गेला. तरी छाती ठोकून लिहितो, या भागात कमलसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. ज्याला पटत नसेल त्याने आपलं तोंड घेऊन यावं.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. संत्र्याची वाळवलेली सालं, मसूर डाळ अन् कच्चं दूध, एवढ्यावर तिने अर्धी वस्ती घासून काढली. सालं गच्चीवर वाळतात अन् राखणीला मी बसतो. दळण जरा जाडं निघालं की परत चक्कीवर. चक्कीवाला तिला लांबून पाहूनच शटर ओढतो.

साठी उलटल्यावर तिने केमिकल पीलचा कोर्सही केला. वर्गात सगळ्या विशीच्या पोरी. औषधाने वरचा थर सुटतो अन् खालून नवी कातडी येते, असं सर शिकवत होते. हिने सरांचीच हनुवटी चाचपली, म्हणाली, पयले तुमच्यापासून सुरू करा. पास झाली पण पहिल्या नंबराने. सर्टिफिकेट देवाच्या फोटोच्या वर लावलं आहे. खिळा मी ठोकला.

मागच्या महिन्यात गल्लीतल्या शोभाताई पोरीला घेऊन आल्या. पोरगी नर्स आहे, गालांवर मुरुमांचे खड्डे. दुसऱ्या दिवशी तिला पाहायला पाहुणे येणार होते, म्हणून शोभाताईंना सगळ्यात कडक पील हवं होतं, अन् आजच. कमलने सांगितलं, चार-पाच दिवस तोंडाचे पोपडे निघतील. शोभाताई ऐकेनात. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, त्यांच्या शब्दावर निम्मी गिऱ्हाइकं येतात. तेही त्यांनी बोलून दाखवलं. वर म्हणाल्या, तुले जमत नसंल तर दुसरीकडे नेतो. पोरगी मान खाली घालून बसलेली.

मी आतल्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. मधे दाराला नुसता पडदा. कमलचा आवाज एरवी चौकापर्यंत जातो. त्या दिवशी ती हळू बोलली.

"माह्या गालावरचे हे काळे डाग पाह्य वं शोभा. आमी खाप्याले राहत होतो. मले पाह्यले पावणे येणार होते. आदल्या दिवशी मीच टाचा घासाची वजरी घेतली अन् गालावरचं पुरळ घासलं. रगत आलं तरी थांबली नाही. सकाळी तोंड असं सुजलं का पावणे चहा न घेता वापस गेले. मंग कोणी आलंच नाही. तुही पोरगी जशी आहे तशी दाखव. मी हात लावणार नाही."

पोरगीच उठली अन् म्हणाली, "आई, घरी चाल." मी खिडकीतून पाहिलं, दोघी खरंच घराकडे वळल्या.

पेपर माझ्या हातात तसाच राहिला. कमलने वजरी घेतलीच नव्हती. मायने सांगितलं म्हणून मी तिचं तोंड घासलं होतं. मी विशीतला, हातात पोती उचलायचा जोर. ती रडायला लागली तेव्हा मी तिचे हात गुडघ्याखाली दाबून धरले, मला वाटलं, भलं करतो आहे. इतक्या वर्षांत तिने ती गोष्ट कधी काढली नाही. मीही काढली नाही.

पडद्याआड मी बसलो आहे, हे तिला माहीत होतं. तरी ती 'मीच' म्हणाली.