थेट देवाशी बोलणारे शांतवनदादा

आमचे शेजारी शांतवनदादा रोज सकाळी ओट्यावर दात घासता घासता देवाशी बोलतात. तेही मोठ्यानं, समोरच्या घरातल्या माणसाशी बोलावं तसं. "काय देवा, आज पुन्हा नळ नाही. पाहून राह्यला ना तू?" मग चूळ भरतात आणि थांबतात. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवतात, ते मला सगळ्यात जास्त खटकतं.

दादा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. पांढरकवड्यातल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच. मी कापसाचा दलाल. हमालीतून वर आलो, कोणाच्या बापाचं खात नाही. आणि हा माणूस माझ्या दुकानात, माझा चहा पिऊन, माझ्याच गिऱ्हाइकाला म्हणाला, "थेट जिनिंग मिलवर कापसाची गाडी ने ना बाबू. मधात माणूस कायले?" गिऱ्हाईक उठून गेलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढे हेच त्यांनी चर्चमध्ये ऐकवलं. सगळी मंडळी बसलेली असताना पाळकसाहेबांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, म्हणाले, "देव माहं थेट ऐकते. मधात तुम्ही कायले? माह्या घरात पाय ठेवू नका." तेव्हापासून रविवारी ते घरीच बायबल वाचू लागले. ऐकून मला बरं वाटलं. मार एकट्या मलाच बसला नव्हता.

मग दादांच्या बायकोनं, मार्थावहिनींनी, अंथरूण धरलं. एका दुपारी दादा दुकानात आले, चहाला नाही म्हणाले.

"भाऊ, तिले प्रभुभोजन पाहिजे." म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात, ते. "मी दिलं. प्रार्थना केली, भाकर मोडली. तिनं तोंड फिरवलं. पाळकाच्याच हातचं पाहिजे म्हणते. तू बोल ना त्यायच्याशी."

मी हादरलोच. मधला माणूस नको म्हणणारा माणूस मधला माणूस शोधत माझ्याकडे आला होता. चांगलं सुनवावं असं मनात होतं. तोंड पाहिलं त्यांचं, आणि गिळलं.

मी जाऊन भेटलो. पाळकसाहेब म्हणाले, "घरात पाय ठेवू नका, हे ते सगळ्यांसमोर म्हणाले. घरी या, हेही सगळ्यांसमोरच म्हणावं. माफी मागून."

मी चिकाटीनं घासाघीस केली. शेवटी ठरलं, माफी पाळकांच्या घरी, दार लावून. असा सौदा मी कापसातही कधी जमवला नव्हता. धावत येऊन दादांना सांगितलं.

"नाही," ते म्हणाले. "तिच्यासाठी भाव कमी कायले करू?"

रविवारी मी चर्चच्या दारात जाऊन उभा राहिलो. दादा उठले, हात जोडले, चुकलो म्हणाले, घरी या म्हणाले. मागच्या बाया कुजबुजल्या, काही ऐकू आलं नाही म्हणून. तर पुन्हा बोलले, मोठ्यानं. माझेच कान तापले.

बाहेर आल्यावर विचारलं, "म्हणजे पाळक लागतोच ना, दादा?"

"मले नाही लागत," ते चपला घालत म्हणाले. "तिले लागते."

संध्याकाळी पाळकसाहेब आले. वहिनींना उशीला टेकवून बसवलं होतं. प्रार्थना झाली, भाकरीचा तुकडा त्यांच्या ओठांपाशी गेला. तेवढ्यात दादा पुढे झाले आणि त्यांनी आपला तळहात वहिनींच्या हनुवटीखाली धरला, कण खाली पडू नये म्हणून. तुकडा गिळून झाला, पाळकसाहेबांनी पेला पुसून पिशवीत ठेवला, तरी हात तिथंच होता.